काम पुरं होईस्तवर

"खांब फाट्यावर येऊन पडलेत, भावोजी," शिवानं तेच पुन्हा सांगितलं. "ह्या टायमाला परत धाडले तर मंडणगडाकडं जाणार. सायबानं तोंडावर सांगितलान मला, तुमच्या वाडीला लाईट नको तर घेणारे रग्गड हायत."

आत्मारामनं मान वर केली नाही. समोर टेबलावर यंत्राचं पोट उघडं पडलेलं, हातात सोल्डरिंगची तापलेली सळई. मेहुणा काळोखात घाटी उतरून, पहिली एस.टी. पकडून आलाय, त्याला निदान 'बस' तरी म्हणावं माणसानं! ते म्हणायलाही सगुणालाच चुलीपुढून उठून यावं लागलं.

"बस रे शिवा. चाय टाकलीय."

"बसतो गो. पन भावोजी काय ते सांगूंदेत. शिमगा आला तोंडावर. सहाणेवर रावजीकाका विचारणार, तेव्हा ह्ये काय बोलणार?"

"एक पावसाळा," आत्माराम म्हणाला. "यंदा आभाळात विजा चांगल्या झाल्या तर एका पावसाळ्यात होईल."

"गेल्या साली पन तुमी ह्येच बोललाव."

"गेल्या साली विजा लांब समुद्रात झाल्या."

शिवा कपातला चहा बशीत ओतत राहिला. आभाळातल्या विजा कुठं पडतात त्यावर घरातले दिवे अडकलेत, अशी दुसरी वाडी सगळ्या जिल्ह्यात नसेल.

जाताना त्यानं बहिणीच्या हातात एक पिशवी दिली. कुळथाचं पीठ होतं. "आवशीनं दिलंन. जात्यावर दळलंन," एवढंच बोलला आणि चपला पायात सरकवून निघाला. सगुणानं पिशवीत हात घातला. पीठ रव्यासारखं भरड लागत होतं. आईचं, सोनूबाईचं दळण म्हणजे एके काळी वाडीत नाव होतं, बोटांना लागू नये इतकं मऊ. आता सत्तरीच्या पुढच्या हातांना जातं ओढवत नाही, तरी लेकीला पाठवायचं म्हणून म्हातारी खुंटा धरून बसली असणार. सगुणानं पिशवीचं तोंड बांधलं. तिनं खोलीकडे बघितलं. मेलं ते यंत्र धूर काढत तिथंच बसलेलं, आणि यंत्रापुढं तिचा नवरा.

आता बाहेरच्या माणसाला हे उमगायचं नाही. तो म्हणेल, खांब वीज मंडळाचे, वाडी खैरवाडीकरांची, मग रत्नागिरीतल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या रहाटे सरांचा इथं संबंध काय? संबंध होता. सर खैरवाडीचे जावई होते.

लग्न झालं तेव्हा सगुणा मॅट्रिक झालेली, आणि तो एम.एस्सी. होऊन मुंबईहून परतलेला. पुढं शिकायचं होतं, पण बाप अंथरुणाला खिळला, म्हणून गावच्या जवळची नोकरी धरली. बाप गेला, नोकरी राहिली. भाड्याच्या घराच्या ओटीवर एक झोपाळा होता. तिथं बसून त्यानं नव्या नवरीला जे सांगितलं ते कुठल्या नवऱ्यानं बायकोला सांगितलं नसेल. म्हणाला, आपली पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक. हवा जिथं संपते त्याच्याही पुष्कळ वर तिनं एक कोंडवाडा घातलाय. त्यात विजेचा भार असलेले कण अडकलेत, डोळ्यांना न दिसणारे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, तिथं अडून परत उत्तरेकडे येतात, वर्षानुवर्षं चाललंय. पृथ्वीभोवती असे पट्टेच्या पट्टे आहेत.

"सुटत नाहीत कधी?" तिनं विचारलं होतं.

"तेच तर," तो म्हणाला आणि झोपाळ्याला पायानं रेटा दिला. "इथं वीज कडाडली की कानाला गडगडाट ऐकू येतो. पण तिची आणखी एक लाट असते, ती त्या चुंबकाच्या रेषा धरून वर चढते. तिचा ठेका आणि कणाचा ठेका जुळला, की झालं! झोपाळ्याला बरोब्बर वेळेला धक्का दिला की कसा वर जातो? तसा एखादा कण पिसाळतो, इतका वेगात जातो की उपग्रहाचं यंत्र फोडील. आणि धक्का उलटा बसला, की त्याचं पाऊल चुकतं, तो खालच्या हवेत येऊन पडतो आणि संपतो."

"म्हणजे एकच लाट एकाला चढवते नि एकाला पाडते?"

"धक्का केव्हा बसतो, त्यावर."

सगुणाला ते पटलं होतं. माणसांचंही तसंच असतं, असं तिच्या मनात आलं होतं, पण नवी नवरी, कशाला बोलायचं म्हणून ती हसली फक्त. अभिमान वाटला होता तिला, उगाच कशाला नाकारायचं. शेजारणींचे नवरे दुकानाचं नि कोर्टाचं बोलायचे. हिचा आभाळाच्या वरचं बोलायचा.

त्याला सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की आपल्या डोक्यावरच्या आभाळातही हे घडतं. मोठाले देश थंड मुलखातून ऐकत बसलेत, इकडे विषुववृत्ताच्या जवळ कुणी नीट कान दिलेला नाही. त्यासाठी बांबूंवर लांब तार ताणायची, तिला यंत्र जोडायचं आणि कानाला हेडफोन लावून बसायचं. विजेची लाट वरून फिरून आली की शीळ ऐकू येते. तीच लाट कण पाडते, आणि कण पडले की दुसऱ्या यंत्रावरचा काटा हलतो. शीळ आणि काटा एका वेळी सापडले, की काम झालं.

पण रत्नागिरीत तार लावली की कानात नुसती घूं घूं. दिव्यांच्या तारांची घरघर. परसात लावून बघितली, भाट्याच्या समुद्रकाठच्या वाळूत लावून बघितली, सगळीकडे तीच. जिथं वीज पोचली नाही अशी जागा हवी होती. अशी जागा त्याच्या सासुरवाडीला होती. खैरवाडीच्या वरचा सडा, मैलभर उघडा कातळ, ना झाड ना खांब.

पहिल्या पहाटे त्यानं सगुणालाच हेडफोन लावायला दिला होता. आधी चण्याच्या भट्टीसारखं तडतड तडतड, आणि मग मधूनच, आई गं! वरून खाली उतरत आलेली एक बारीक शीळ. कुणीतरी फार लांबून हाक मारावी आणि ती विरून जावी तशी. अंगावर काटा आला तिच्या. तिनं नवऱ्याकडे बघितलं, तर त्याचे डोळे भरलेले. त्या एका शिळेवर सगुणानं पुढली वर्षं काढली, हे खरं.

आणि मग वाडीला लाईट मंजूर झाली.

त्र्याऐंशीचा शिमगा. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली, मुंबईचे चाकरमानी आलेले, सगळी गावकी जमलेली. वाडीचे सगळे निकाल तिथंच व्हायचे. आत्मारामनं उठून हात जोडले आणि शब्द टाकला, "माझं काम होईपर्यंत वाडीत नि सड्यावर खांब नकोत. एवढं माझ्यासाठी करा."

दुसरा कुणी असता तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण हा जावई! तोही शिकलेला, वाडीच्या लेकीला सुखात ठेवलेला, मुंबईत कुणी विचारलं तर आमचे जावई प्रोफेसर म्हणून सांगायला होणारा. जावयाला नाही म्हणायचं नसतं. सगुणाच्या चुलत्यानं, रावजी गावकरानं, नारळ हातात घेतला आणि देवापुढं गाऱ्हाणं घातलंन, "बा रवळनाथा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी तुझ्या म्होरं शबुद दिलाय. जावयाचं काम पुरं होईस्तवर खैरवाडीत लाईटीचा खांब उभा ऱ्हाणार नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. सगुणाही ओरडली.

तो नारळ फडक्यात बांधून देवळाच्या वाशाला टांगला. काम पुरं झालं की ज्याच्यासाठी शब्द दिला त्यानं सहाणेवर येऊन तसं सांगायचं, मग नारळ खाली उतरवून फोडायचा आणि शब्द मोकळा करायचा, अशी रीत. पण काम किती दिवसांचं, हे कुणी विचारलंन नाही. कसं विचारणार? जावयाला मुदत विचारायची म्हणजे त्याच्या ताटातल्या भाकऱ्या मोजायच्या. वाडीला वाटलं, भातशेतीसारखं असेल, पेरलं की चार महिन्यांत कापायचं. आणि त्यानं सांगितलं नाही, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढल्या शिमग्याला रावजीनं विचारलंन, "काय जावयबापू, पुरं झालं?" तर म्हणाला, "अजून थोडं आहे." त्याच्या पुढल्या शिमग्याला, "थोडं राहिलंय." खांबांचा ट्रक एकदा आला तेव्हा वाडीनं आपणहून परत पाठवला, वर मंडळाच्या माणसाला ऐटीत सांगितलं की आमच्या जावयाचं आभाळाचं काम चाललंय. तो बिचारा बघतच राहिला.

शिवा तेव्हा मुंबईला गिरणीत होता. संपात गिरणी बसली ती बसलीच. दोन वर्षं वाट बघून तो बायकोपोरांना घेऊन वाडीत आला. येताना सगळी पुंजी घालून पिठाची जुनी चक्की आणलीन. आपल्या वाडीच्या आणि आजूबाजूच्या बायका दळणाचं ओझं डोक्यावर घेऊन घाटी उतरतात, परत चढतात. इथंच चक्की घातली तर त्यांचाही त्रास जाईल, आपणही पोटाला लागू. डोकं चांगलं चालवलंन. पण चक्कीला लागते लाईट, आणि भावोजींचं काम तोवर संपलं असेल हा हिशेब चुकला. डिझेलचं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. चक्की पडवीत गोणपाटाखाली पडून राहिली आणि शिवा लोकांच्या बागांत आंबे उतरवायला जाऊ लागला. यंदा लाईट आली नाही तर चक्की विकून परत मुंबईला जाणार, मिळेल ते काम करणार, असं ठरवलेलं. म्हणजे म्हातारी पुन्हा एकटी, आणि तिचं ते जातं.

एवढं सगळं टांगलेलं होतं, आणि मोकळं करायला लागत होते तीन शब्द. काम पुरं झालं.

*

शिवा येऊन गेला त्याच आठवड्यात सखाराम आला. तो आत्मारामचा एम.एस्सी.चा सोबती. तेव्हा दोघं एका खोलीत राहायचे, एका दिव्याखाली अभ्यास करायचे. सखाराम पुढं शिकला, परदेशी जाऊन आला, आणि आता मुंबईच्या मोठ्या संस्थेत डॉक्टर होता. कॉलेजात भाषणाला बोलावलं होतं, म्हणून दुपारी जेवायला घरी आला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सगुणाला बरं पडलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाली असती.

जेवणाआधी त्यानं आत्मारामच्या टेपा ऐकल्या. डोळे मिटून, मन लावून ऐकल्या.

"शिळा खऱ्या आहेत, आत्माराम. शंकाच नाही. एकट्यानं, या असल्या सामानावर धरल्यास, कमाल आहे तुझी."

आत्मारामचा चेहरा असा फुलला, की सगुणाला लग्नातला आठवला.

"पण काटा?" सखारामनं विचारलं.

"काटा नाही हलला अजून. हलेल. एक चांगला पावसाळा मिळाला तर..."

"नाही हलणार रे." सखाराम हळूच म्हणाला. "तुझ्या डोक्यावरून जाणारी रेषा पट्ट्यापर्यंत चढतच नाही. इथून निघते, जेमतेम वर जाते नि दक्षिणेला समुद्रात उतरते. पट्टा तिच्याही पुष्कळ वर. त्या पट्ट्यातला कण पडला तरी पार हिमालयाच्या पलीकडे पडणार, नाहीतर खाली दक्षिण समुद्रात. रत्नागिरीत कसा पडेल? हे तुला तेव्हाही माहीत होतं."

"माहीत होतं," आत्माराम म्हणाला. "पण या मुलखात शिळासुद्धा येणार नाहीत म्हणायचे. आल्या ना? मला वाटलं, कणही थोडे खाली झिरपत असतील. कुणी बघितलंय?"

"उपग्रहानं बघितलं. मोजून झालं सगळं. काम पुरं झालंय, आत्माराम, तू सोड आता." मग वातावरण हलकं करायला तो हसला. "आणि गंमत सांगू? हल्ली म्हणतात, आपल्या विजेच्या तारांची घरघरसुद्धा वर पोचते आणि तिथले कण हलवते. तू जिच्यापासून पळालास ना, ती तुझ्या आधी वर जाऊन बसलीय!"

आत्माराम हसला नाही. सगुणा सोलकढी वाढत होती. वाटी भरून वाहिली तरी तिला कळलं नाही. पुढं काय बोलणं झालं ते तिच्या डोक्यात शिरलं नाही, एवढंच शिरलं की झालं, संपलं, मोठ्या डॉक्टरानं सांगितलं. आणि त्याच क्षणी तिला नवऱ्याची इतकी दया आली की ताटावरून उठवून त्याला कुठंतरी लपवावंसं वाटलं.

पाहुणा गेल्यावर ती भांडी विसळत म्हणाली, "म्हणजे झालं ना आता?"

"त्याच्या दृष्टीनं झालं."

"आणि तुमच्या?"

तो उठून दाराशी गेला.

"अहो, मी काही तुम्हांला हरलात म्हणत नाही. शिळा खऱ्या म्हणाले ना ते? मग? शिमग्याला एवढं सांगून टाका. आईचे हात बघितलेत का? शिवा चालला परत मुंबईला. माझ्या माहेरच्या माणसांनी चार वर्षं काळोख काढला तुमच्यासाठी, एकानं तोंड वाकडं केलं नाही. सांगाल ना?"

दारातूनच तो म्हणाला, "सांगतो."

शब्द दिला हो त्यानं. सगुणाला त्या दिवशी किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

*

शिमग्याला भर दुपारी सहाणेवर पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल थांबले. रावजी गावकर आता काठी टेकून उभा राहायचा, पण आवाज तसाच खणखणीत. त्यानं बायकांच्या घोळक्यातल्या सगुणाकडे बघून मान हलवली, कारण तिनं आल्या आल्या त्याच्या कानावर घातलं होतं. देवळात वाशाखाली शिडीसुद्धा लावून ठेवलेली.

"काय जावयबापू, पुरं झालं काम?"

आत्माराम उठला. इस्त्रीचा सदरा घातला होता, सगुणानंच काढून दिलेला. त्यानं पालखीला हात जोडले, मग वर बघितलं, देऊळ ओलांडून, जिथं सड्याच्या कडेवर त्याचा पहिला बांबू दिसत होता.

"देवासमोर मला खोटं बोलवत नाही," तो म्हणाला. "काम पुरं झालेलं नाही. आणखी एक वर्ष द्या मला."

ओटीचं ताट हातात कलंडता कलंडता सगुणानं सावरलं.

आणि वाडी? एकानं, एका माणसानं तरी आवाज चढवावा! मुंबईची पोरं खाली बघत राहिली. शिवानं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलंन आणि परत खांद्यावर टाकलान. मागून कुठून तरी एक मरतुकडं "व्हय म्हाराजा" आलं, तेवढंच. आणि सोनूबाईनं लेकीच्या दंडावर हात ठेवून हळूच म्हटलंन, "ऱ्हवंदे गो बाय. त्येचं काम मोठं हाय. आमाला काय, सवय झालीय."

इथंच बिनसलं. नवऱ्यानं शब्द मोडला ते सगुणानं गिळलं असतं, बायका काय काय गिळतात. पण दंडावरचा तो खरखरीत हात, आणि त्या हाताची ती समजूत! तिच्या मस्तकात तिडीक गेली. ती ताट घेऊन तडक पुढं झाली.

"रावजीकाका, पालखीची ओटी भरायचीय मला."

"भर की बाय. माहेरवाशणीचा मान हाय."

"नि गाऱ्हाणं पन घाला माझं."

"सांग, काय सांगू देवाला?"

"सांगा," सगुणा म्हणाली, आणि आवाज असा चढला की चौथऱ्याच्या मागच्यांनीही माना वळवल्या. "खैरवाडीच्या जावयाचं काम पुरं झालं म्हणून सांगा!"

रावजी गोंधळला. "अगो, जावय तं आत्ता नाय बोलला."

"ते कामात बुडालेले असतात, त्यांना उमगत नाही. मुंबईचे मोठे डॉक्टर घरी आले होते. त्यांनी सगळं बघितलं, ऐकलं, आणि बोलले, काम पुरं झालंय. मी वाढत होते, माझ्या कानांनी ऐकलं. विचारा त्यांना!"

म्हाताऱ्यानं काठी टेकत आत्मारामकडे तोंड केलंन. "जावयबापू, देवाम्होरं सांगा. डाक्टर असं बोलला?"

सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. सगुणाही बघत होती. तिला ठाऊक होतं तो काय म्हणेल. ज्या माणसाला मघाशी खोटं बोलवलं नाही त्याला आताही बोलवणार नव्हतं, आणि तिनं नेमकं तिथंच त्याला धरलं होतं. बायकोशिवाय कुणाला जमलं असतं ते?

"बोलला," आत्माराम म्हणाला.

"काम पुरं झालं असं?"

"हो. असंच."

"मंग झालं तर! बा रवळनाथा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

असा आवाज उठला, की ढोलवाल्यांनी न सांगता टिपऱ्या उचलल्या. पोरं शिडीवर चढली, फडकं खाली आलं. रावजीनं नारळ पायरीवर आपटलान. आत पाण्याचा थेंब नव्हता. खोबरं आखडून पिवळं झालेलं, खवट वास सुटलेला. पण देवाचा नारळ तो, टाकायचा कसा? रीतीप्रमाणं पहिली शिरणी जावयाची. आत्मारामनं हात पुढं केला, तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर चावून चावून खाल्ला. सगुणाच्याही वाट्याला आला. तिनंही खाल्ला.

*

त्यानंतर तो रागावला, ओरडला असं काही नाही. ओरडता तर निभलं असतं. जेवायला वाढलं की जेवायचा, कॉलेजात जायचा, यायचा. "पाणी तापलं का", "दूधवाला आला होता", असली बोलणी चालू होती. फक्त तिला नावानं हाक मारायची बंद झाली. घरात तिसरं माणूस नव्हतं, त्यामुळं नावाची गरज पडत नाही, पण ज्याचं नाव गेलं त्याला कळतं. झोपाळ्यावर तो बसेनासा झाला. मी केलं ते बरोबर केलं, असं सगुणा दिवसातून चार वेळा स्वतःला बजावायची. बरोबर केल्याचं जर एवढं बजावावं लागत असेल तर काय समजायचं ते समजा.

दसऱ्याला वाडीत लाईट आली. आणि माणसं तरी किती साधी असावीत! शिवा मुद्दाम रत्नागिरीला येऊन आमंत्रण करून गेला. चक्कीचं बटण भावोजींच्याच हातानं दाबायचं. वाडीनं ठरवलंय, ज्याच्यासाठी थांबलो त्याच्याच हातानं सुरुवात. त्यात टोमणा नव्हता, कुजकेपणा नव्हता, खरोखरीचा मान होता. सगुणाला वाटलं होतं, तो काहीतरी कारण काढील. पण तो आला. तोच इस्त्रीचा सदरा घालून आला.

शिवाच्या बायकोनं, जनीनं, चक्कीला हळदकुंकू लावलंन. आत्मारामनं बटण दाबलं. पट्टा फिरला, पडवी थरथरली आणि पांढरं पीठ डब्यात पडायला लागलं. बायका हसायला लागल्या. सोनूबाईनं चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलंन आणि म्हणाली, "मऊ हाय गो!" आत्मारामला टोपी, नारळ दिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं सगळ्यांना हात जोडले. मग कुणाच्या लक्षात यायच्या आत तो मागच्या दारानं सड्याची वाट चढायला लागला.

सगुणा मागोमाग गेली. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

ऊन उतरलं होतं. कातळावर गवत पिवळं पडत चाललेलं, त्यात बांबू उभे आणि त्यांच्यावरून गेलेली तार. तारेखाली त्यानं बांधलेल्या गवताच्या खोपीत बॅटरीवरचं यंत्र अजून होतं. त्यानं ते चालू केलं, हेडफोन कानाला लावला आणि ऐकत बसला. ती जरा लांब, दगडावर टेकली. थोड्या वेळानं त्यानं न बोलता हेडफोन काढून तिच्यापुढं धरला.

तिनं लावला. नुसती घूं घूं. तडतड नाही, शीळ नाही, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाड घरघर. खाली वाडीत शिवाची चक्की चालली होती, दिवे लागले होते. तिनं वाट बघितली. एकदा तरी वरून काही उतरेल म्हणून, आतापर्यंत तिनं कुठल्या देवाजवळ काही मागितलं नसेल इतकं मनापासून मागितलं. घरघर तशीच राहिली.

तिनं हेडफोन परत दिला. त्यानं यंत्र बंद करून पिशवीत भरलं. मग बांबूवरची तार सोडली. ते एकट्याचं काम नव्हतं. एका टोकाला तो गेला, दुसऱ्या टोकाला ती. सुंभ गुंडाळतात तशी हात आणि कोपराभोवती तार गुंडाळत दोघं एकमेकांकडे येत गेले. मधोमध पोचल्यावर त्यानं आपलं वेटोळं तिच्या वेटोळ्यावर ठेवलं.

"अहो," ती म्हणाली.

तो खाली वाडीकडे बघत होता. शिवाच्या पडवीतला बल्ब तेवढा ओळखू येत होता.

"काम पुरं झालं," तो म्हणाला.

पिशवी खांद्याला लावून तो पुढं निघाला आणि पाऊलवाटेनं उतरून गेला. सगुणा दोन्ही वेटोळी उराशी धरून जरा वेळ तिथंच उभी राहिली. तार अजून उन्हानं गरम होती. मग अंधार पडायच्या आत तीही खाली उतरली, सगळ्यांचं जेवण वाढायचं राहिलं होतं.